पिकअपचा पिकअप कुठं अडला?

पत्र

भाऊ, नमस्कार. वरुड तालुक्यातून लिहून राहिलो. 2018 ची पिकअप आहे, बीएस-4, 1 लाख 70 हजार चालली. आंबिया बहाराचा संत्रा नागपूरच्या कळमना मार्केटला नेतो, मग कापूस, नाहीतर गावातलं जे भाडं भेटलं ते. दोन महिने झाले, गाडी रेस उशिरा घेऊन राहिली. तिसऱ्या गिअरात पाय दाबला की एक-दोन सेकंद काहीच नाही, मग एकदम उचलते. लोड असला की जास्त, रिकामी असली की थोडंसं. न्यूट्रलमध्ये मस्त रेस होते. चढावर मागून काळा धूर सोडते. मीटरवर कोणताच लाइट नाही. डिझेल फिल्टर बदलला. एकानं नोझल साफ करायला लावले, 9 हजार गेले, फरक शून्य. आता दुसरा म्हणते टर्बो गेला, पाइपात तेल आहे, 28 हजार लागतील. पोट्टा म्हणते ऑनलाइन एक डबा भेटते, पेडलच्या कपलरात लावला की रेस लगेच घेते. मांगच्या आठवड्यात काटोलच्या अलीकडे ओव्हरटेक करताना गाडी मधातच मेल्यासारखी झाली, समोरून ट्रक. तेव्हापासून बायको सोबत बसत नाही. टर्बो बदलू का डबा लावू?
– एक पिकअपवाला

उत्तर

पिकअपवाले भाऊ,

टर्बो बदलू नका. कधीच नाही असं म्हणत नाही, पण मी खाली सांगतो ते दीड-दोन तासांचं काम होईपर्यंत त्या 28 हजारांना हात लावू नका. पोट्ट्याच्या डब्याचं शेवटी बोलू.

तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त तीन तुकड्यांत. न्यूट्रलमध्ये गाडी चांगली रेस होते. लोडवर उशीर लागतो. चढावर काळा धूर निघतो. ही तीन वाक्यं एका दमात एखाद्या जुन्या डिझेल मिस्त्रीला सांगितली असती, तर त्यानं नोझलला पाना लावायच्या आधी बॉनेटमध्ये डोकं घातलं असतं. पण आपण गॅरेजात जाऊन काय म्हणतो? "गाडी उचलत नाही, बघ बाप्पा." मग ज्याला जे काम येतं ते तो काढतो. नोझलवाल्याला नोझल दिसतात, टर्बोवाल्याला टर्बो.

पाय दाबल्यावर आत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कुणी तुम्हाला गुंडाळणार नाही. जुन्या गाड्यांत पेडलला केबल होती, ती थेट पंपाचा दांडा ओढायची. तुमच्या गाडीत केबल नाही. पेडलच्या बुडाशी सेन्सर आहे, तो पाय किती दबला हे व्होल्टमध्ये ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला सांगतो. ईसीएम मग किती हवा येतेय ते बघतो, आणि त्या हिशेबानं नोझलमधून डिझेल सोडतो. पेट्रोल गाडीत रेस देणं म्हणजे हवेचं दार उघडणं. डिझेलमध्ये रेस देणं म्हणजे डिझेल मागणं. म्हणून मोबाइलवर बघून "थ्रॉटल बॉडी साफ करा" असा सल्ला कुणी देत असेल तर तो त्याच्या पेट्रोल कारसाठी राहू द्या.

आता डिझेल मागितलं आणि मिळालं, तरी ते जाळायला हवा पाहिजे. ती हवा टर्बो दाबून आत भरतो. टर्बो फिरतो सायलेन्सरकडे जाणाऱ्या जळालेल्या वाफेवर. म्हणजे आधी थोडं जळणार, मग टर्बो फिरणार, मग हवा येणार, मग जास्त जळणार. त्यामुळे थोडा उशीर प्रत्येक टर्बो डिझेलमध्ये जन्मतःच असतो. तुमचा त्याहून जास्त आहे. वाढलेला उशीर या साखळीत कुठं शिरला, एवढंच शोधायचं आहे.

काळा धूर तेच सांगतो. काळा धूर म्हणजे जळायला मिळालेल्या हवेपेक्षा डिझेल जास्त झालं. तुमचा डिझेल फिल्टर तुंबला असता तर डिझेल कमी पडलं असतं. गाडीनं दम सोडला असता, धक्के दिले असते, पण काळी झाली नसती. नोझल गळत असते तर धूर न्यूट्रलमध्येही दिसला असता, आणि इंजिन सकाळी थंड असताना ठोकत उठलं असतं. असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. डिझेल पोचतंय, पुरेपूर पोचतंय. हवा पोचत नाही. ते 9 हजार चुकीच्या नळीवर खर्च झाले. झाले ते झाले.

मग न्यूट्रलमध्ये मस्त का? कारण न्यूट्रलमध्ये इंजिनाला ओढायला काही नसतं. तिथं रेस दिली तरी टर्बो फारसं प्रेशर करत नाही, त्याला गरजच पडत नाही. पाइपाला चीर असली तरी न्यूट्रलमध्ये ती चीर तोंड मिटून बसलेली असते. क्रेट भरून चढाला लागलात, टर्बोनं हवा दाबायला सुरुवात केली, की ती उघडते. अर्धी हवा बाहेर. ईसीएमला ते लगेच कळत नाही, कारण हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी, म्हणजे चिरेच्या बराच आधी बसलेला असतो. त्याच्या हिशेबानं हवा आत गेली. तो तेवढं डिझेल सोडतो. हवा मात्र रस्त्यावर सांडलेली. झाला काळा धूर. पुढं टर्बो आणखी जोरात फिरून तूट भरून काढतो, तेव्हा तुमची गाडी "एकदम उचलते". ते एक-दोन सेकंद म्हणजे गळका हंडा भरायला लागणारा वेळ.

तर माझा पहिला संशय टर्बोवर नाही. टर्बोपासून इंटरकुलरपर्यंत (टर्बोनं दाबून तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकुलरपासून इंजिनापर्यंत जे जाड काळे रबरी पाइप जातात, त्यांच्यावर आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः यात एकाचे पैसे बुडवलेत. आर्वीकडचा एक कापूसवाला होता, ऐन हंगाम, दारात गाड्यांची रांग, आणि त्याची तक्रार हुबेहूब तुमचीच. मी पाइप काढला, आत तेल दिसलं, म्हटलं टर्बोचं सील गेलं. रिकंडिशन टर्बो बसवला. ट्रायलला रिकामी गाडी घेऊन गेलो, मस्त पळाली. तिसऱ्या दिवशी तो भरली गाडी घेऊन परत. तेच दुखणं. मग मी गाडीखाली आडवा झालो आणि इंटरकुलरच्या खालच्या पाइपाच्या पोटावर बोट फिरवलं. नखाएवढी चीर. वरून बघितलं तर पाइप कोरा करकरीत. बोटानं दाबला की ओठासारखी उघडायची, सोडला की मिटायची. मजुरी मी परत केली, टर्बो कुणी परत घेईना. त्याचा जुना, धडधाकट टर्बो आजही माझ्या टेबलावर असतो, पंख्यानं बिलं उडू नयेत म्हणून.

तुमच्या मिस्त्रीनं पाइपात तेल बघितलं म्हणून टर्बो मेला असं म्हणणं घाईचं आहे. इंजिनाच्या ब्रीदरमधून तेलाची वाफ निघते, ती एअर फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या नळीत सोडलेली असते. त्या वाफेचा पातळ थर पाइपात जमतोच. बोट फिरवल्यावर बोट काळं-तेलकट झालं तर ते चालतं. पाइप तिरका केल्यावर तेल धारेनं बाहेर आलं, मागून निळा धूर निघतोय, इंजिन ऑइलची पातळी महिन्यात उतरतेय, तर मग टर्बोची गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात निळा धूर नाही.

आता उद्या सकाळी काय करायचं. इंजिन थंड असताना, उन्हं यायच्या आत. गाडी सपाट जागी लावा, चाकाला दगड द्या. बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून हवेचा रस्ता बोटानं पकडत जा: डबा, तिथून टर्बो, टर्बोतून निघणारा पाइप, इंटरकुलर, तिथून निघणारा दुसरा पाइप, आणि इंजिन. टर्बोच्या आधीचा पाइप हवा ओढतो, नंतरचे दोन दाबतात. आपल्याला दाबणारे दोन पाहिजेत. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, बोट वापरा. पाइपाची खालची बाजू, वाकण, आणि जिथं तो एखाद्या ब्रॅकेटला किंवा पंख्याच्या जाळीला घासतो ती जागा. गळती असेल तिथं बाहेरून तेल आणि धूळ मिळून एक काळा, चिकट चट्टा धरतो, बाकी पाइप कोरडा धुळकट असतो. असा चट्टा सापडला तर समजा घर सापडलं. पाइप दोन्ही हातांनी पिळून, वाकवून बघा. चीर आळशी असते, उठवावी लागते.

क्लॅम्पही बघा. पाइप चांगला असूनही क्लॅम्प ढिला पडला की तेच होतं. क्लॅम्पच्या कडेला पाइप सरकल्याची खूण, म्हणजे रबराचा एक स्वच्छ, चकचकीत पट्टा दिसतो. जिथं तो आधी बसायचा तिथली जागा.

नुसत्या बघण्यानं काही हाती लागलं नाही तर हवा भरून बघायची. याला मोठं गॅरेज लागत नाही. तुमच्याकडे संत्र्याचे बगीचे आहेत, म्हणजे ठिबकचं सामान गावात असेलच. सबमेनच्या पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा घ्या, 50 किंवा 63 एमएमचा, टर्बोच्या तोंडावरच्या रबरी नळीत जो घट्ट बसेल तो. त्याच्या एका तोंडाला एन्ड कॅप सोल्यूशननं चिकटवा, कॅपला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा वॉल्व्ह बसवा. सोल्यूशन रात्रभर वाळू द्या. ही झाली तुमची टेस्टची टोपी. गाडी आधी पंक्चरवाल्याकडे न्या, इंजिन बंद करून थंड होऊ द्या, मगच टर्बोच्या हवा ओढणाऱ्या तोंडावर ती क्लॅम्पनं पक्की करा. अगदी टर्बोच्या तोंडावरच लावा, फिल्टरच्या डब्याकडे नको, नाहीतर ब्रीदरच्या नळीतून हवा इंजिनात शिरते आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता.

मग पंक्चरवाल्याला हवा भरायला लावा. त्याला सांगा, 8 ते 10 पाउंडाच्या वर एक काटाही जायचा नाही, आणि हळूहळू भरायची. टायरात भरतो तशी 30-40 भरली तर पीव्हीसीची टोपी बंदुकीच्या गोळीसारखी सुटेल. टोपीसमोर कुणी उभं राहू नका, पोरांना लांब ठेवा. बाटलीत साबणाचं पाणी करून पाइपांवर, क्लॅम्पवर, इंटरकुलरच्या दोन्ही टोकांवर शिंपडा. फेस उठला तिथं गळती. इंजिनातून हलका सुस्कारा येईल, एखादा वॉल्व्ह उघडा असतो त्यातून हवा सायलेन्सरकडे जाते. तिकडे लक्ष देऊ नका. पाइपावरचा बुडबुडा बघा.

गळती सापडली की पाइप नवा घ्या. ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळणारे आपल्याकडे भरपूर आहेत. मीही बांधलीय, रात्री जलालखेड्याजवळ अडकलेल्या माणसाला घरी पोचवायला. घरी पोचण्यापुरतं ठीक. त्या जागी तेल, उष्णता आणि दाब तिन्ही एकत्र असतात, तिथं सायकलची ट्यूब दोन खेपा टिकत नाही. नवा पाइप बसवताना धातूच्या नळीची तोंडं पेट्रोलच्या फडक्यानं कोरडी पुसा. तेल राहिलं तर क्लॅम्प कितीही आवळा, पहिल्याच चढाला पाइप फटकन निसटतो. क्लॅम्प पातळ पत्र्याचा, दाते कापलेला घेऊ नका, तो रबरात रुततो. जाड पट्टीचा, नट-बोल्टचा घ्या.

आणि आता जे बहुतेक जण करत नाहीत ते. पाइप फाटला का, हे विचारा. 1 लाख 70 हजार किलोमीटर झालेत. इंजिन ज्यांवर टेकलेलं असतं ती फाउंडेशन रबरं कधी बदलली? ती बसली असतील तर प्रत्येक गिअरला इंजिन डुलतं. इंजिन डुललं की टर्बो डुलतो, इंटरकुलर मात्र चेसिसला पक्का. मधल्या पाइपाची रोज ओढाताण. घरच्या कुणाला बॉनेटजवळ लांबून बघायला उभं करा. हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, पहिल्या गिअरात क्लच अर्धा सोडून बघा. इंजिन एका बाजूला उचलल्यासारखं झालं तर फाउंडेशन गेली. ती न बदलता नवा पाइप टाकला तर पुढच्या आंबियाला तुमचं पुन्हा पत्र येणार.

समजा पाइप, क्लॅम्प, इंटरकुलर सगळं घट्ट निघालं. तेव्हा पुढचं. टर्बोच्या बाजूला एक पत्र्याची डबी असते, तिच्यातून दांडी निघते. ती दांडी टर्बोची हवा कमी-जास्त करते. बऱ्याच गाड्यांत ती व्हॅक्यूमवर चालते, बारीक काळ्या नळीनं. अशा गाडीत ती नळी वाळून तडकली तर दांडी हलत नाही आणि टर्बो जागा होत नाही. नळी काही रुपयांची, दुखणं 28 हजारांचं. उंदरांचा इथं विशेष जीव. शेतातल्या शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर या नळ्या आणि वायरिंग दोन्ही बघा. मग ईजीआर वॉल्व्ह. तो उघडाच अडकला तर जळालेला धूर परत इंजिनात जातो, ताज्या हवेची जागा खातो, काळा धूर आणि मंद उचल दोन्ही देतो. काढून काजळी साफ होते. "बंदच करून टाकू, पत्रा लावून" असं कुणी म्हणेल, ते करू नका. पीयूसीचा घोळ होतो आणि ईसीएम वेगळंच रडगाणं सुरू करतो.

एअर फिल्टर मी मुद्दाम एवढ्या उशिरा सांगतोय, कारण तुम्ही तो बघितलाच असेल. नसेल तर लाज वाटू द्या आणि आजच बघा. उन्हाळ्यात पांदणीतून गाडी नेली की काळ्या मातीचं पीठ उडतं, आणि कापसाच्या दिवसांत फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी सरकीच्या तंतूंची गादी जमते. मी एका गाडीतून मूठभर कापूस काढलाय. फिल्टर झटकून किंवा कंप्रेसरनं बाहेरून हवा मारून साफ करू नका, धूळ कागदात आणखी आत ठोकली जाते. आतून बाहेर, हलक्या हवेनं एकदा चालतं. त्यानंतर नवा. हवेचा सेन्सरही तिथंच असतो. त्यावर धूळ बसली तर त्याच्यासाठीच मिळणारा स्प्रे मारा, बोट किंवा फडकं लावू नका. त्याची तार केसासारखी असते.

टर्बो खरंच बघायचा असेल तर तोही खोलल्याशिवाय बघता येतो. हवा ओढणारी नळी काढली की आतलं पंख्याचं चाक दिसतं. इंजिन बंद आणि थंड असताना दोन बोटांनी फिरवा. आपोआप, मऊ फिरलं पाहिजे. आत-बाहेर ढकलून बघा, खेळ जाणवता कामा नये. बाजूला किंचित हलतं, ते असतंच, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. पण हलवल्यावर पाती भिंतीला लागली, किंवा पातीच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसल्या, तर तुमचा मिस्त्री बरोबर आणि मी चूक. तेव्हा टर्बोसोबत त्याची तेलाची नळीही नवी टाकायला सांगा. बरेचदा तीच तुंबून टर्बो मेलेला असतो.

मीटरवर लाइट नाही म्हणून ईसीएमला काही माहीत नाही असं समजू नका. काही चुका तो आधी मनात ठेवतो, पुन्हा घडली की मग लाइट लावतो. ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आता गावातल्या पोरांकडेही असतो. भरली गाडी घेऊन चढावर जा, शेजारच्या माणसाला मोबाइलवर आकडे बघायला सांगा, तुम्ही बघू नका. पी 0299 हा कोड आला तर त्याचा अर्थ टर्बोची हवा कमी पडतेय. टर्बो खराब आहे, असा त्याचा अर्थ नाही, आणि हा फरक गॅरेजवाल्याला जरा ठासून सांगा. हवेच्या दाबाचा आकडा किलोपास्कलमध्ये दिसतो. इंजिन बंद असताना आपल्या भागात शंभरच्या किंचित खाली. लोडवर, तिसऱ्या गिअरात, इंजिनाच्या मिनिटाला 2,500 फेऱ्यांवर पूर्ण रेस दिली की तो दोनशेच्या आसपास चढायला हवा, गाडीनुसार थोडं इकडंतिकडं. 130-140 वर घुटमळला तर हवा कुठंतरी सांडतेय.

आता दुसऱ्या वाचकांसाठी थोडक्यात, कारण असंच दुखणं असलेल्यांचे फोन येतील. तुमची गाडी उभ्या उभ्या न्यूट्रलमध्येही रेस उशिरा घेत असेल, तर वरचं सगळं सोडा आणि पेडलकडे बघा. पेडलमध्ये एकाच वेळी दोन सेन्सर काम करतात, बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या निम्मे. दोघांची साक्ष जुळली नाही की ईसीएम कुणावरच विश्वास ठेवत नाही आणि रेस मर्यादित करतो. कोड पी 2138. पण सेन्सर घ्यायच्या आधी कपलर काढून त्यातली हिरवी बुरशी साफ करा, बॅटरीच्या आणि इंजिनाच्या अर्थिंगची जोडणी घासा. ब्रेक लाइट सतत लागून राहते का, तेही बघा. ब्रेकचा स्विच अडकला तर ईसीएमला वाटतं माणूस ब्रेक आणि रेस दोन्ही दाबून राहिला, आणि तो ब्रेकचं ऐकतो. आणि सगळ्यात आधी पायाखालचं पोतं काढा. पावसाळ्यात चिखल नको म्हणून बारदाना अंथरतात, तो घड्या पडून पेडलच्या मागं गोळा होतो. पाय पूर्ण दबल्यासारखा वाटतो, पेडल अर्धंच गेलेलं असतं. एकानं त्यासाठी माझ्याकडे साठ किलोमीटर गाडी आणली होती. मी पोतं काढून त्याच्या हातात दिलं. चहा त्यानं पाजला.

डबा. पोट्ट्याला समजावून सांगा. तो डबा पेडल आणि ईसीएमच्या मध्ये बसतो आणि खोटं बोलतो. तुम्ही पाय वीस टक्के दाबला तर तो चाळीस सांगतो. रिकाम्या गाडीत त्यामुळे ती चपळ झाल्यासारखी वाटते. त्यात एक थेंबही हवा तयार होत नाही. तुमच्या गाडीला हवा कमी आहे आणि डिझेल जास्त. हा डबा आणखी डिझेल मागणार, आणखी काळा धूर सोडणार, आणि तो बिचारा टर्बो, जो कदाचित धडधाकट आहे, त्याला आणखी पळवणार. गळक्या पाइपावर टर्बो आधीच जास्त फिरतोय, आणि तो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा प्राणी आहे.

म्हणूनच पाइप सापडेपर्यंत भरली गाडी पळवू नका. आणि भरली म्हणजे किती, हेही विचारतो. तुम्ही लिहिलं नाही, पण तुमच्याकडच्या गाड्या मी कळमन्याच्या गेटवर बघितल्यात. 90 क्रेट, एक क्रेट 20-22 किलोचा धरला तर 18 ते 20 क्विंटल, वर दोन माणसं. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं वजन दोन्ही लिहिलेलं असतं. वजाबाकी करा. आकडा आवडणार नाही. जास्तीच्या लोडवर चांगल्या टर्बोलाही उशीर होतो, आणि त्यात ड्रायव्हर डिझेल वाचवायला तिसरा गिअर लवकर टाकत असेल तर उशीर दुप्पट. टर्बो साधारण इंजिनाच्या 1,600-1,800 फेऱ्यांच्या खाली झोपलेला असतो. दुसऱ्या गिअरात इंजिनाला मोकळेपणी चढू द्या, मग तिसरा टाका. ओव्हरटेक करायच्या आधीच गिअर खाली आणा, दुसऱ्या गाडीच्या बाजूला पोचल्यावर नाही. काटोलच्या अलीकडे जे झालं त्यात गळतीचा वाटा होता, पण गिअर कोणता होता ते तुम्हीच आठवा.

एक सवय अजून. कळमन्यात पोचलात की गेटवर लगेच चावी फिरवू नका. इंजिन मिनिटभर आयडलवर राहू द्या. इंजिन बंद झालं की तेल थांबतं, टर्बोचं चाक मात्र तापलेलं आणि फिरतच असतं.

मिस्त्रीकडे गेलात तर एवढंच म्हणा: "टर्बो काढायच्या आधी पाइपात हवा भरून दाखव." भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. जो दाखवेल त्याच्याकडे काम द्या. जो म्हणेल "त्याची गरज नाही, मी पंधरा वर्षं करून राहिलो," त्याला नमस्कार करून निघा. मीही तेव्हा हेच म्हणायचो.

पाइप बदलल्यावर ट्रायल रिकाम्या गाडीत घेऊ नका. निम्मे क्रेट भरा, त्याच चढावर न्या, तिसऱ्या गिअरात पाय दाबा, आरशात मागं बघा. धूर नसेल आणि गाडी पायासोबत उठली, तर पुढच्या खेपेला वहिनींना सोबत घेऊन जा. आणि फाटका पाइप मला पाठवून द्या, टेबलावर टर्बोशेजारी जागा आहे.